गव्हर्नरचं तैलचित्र

हात कुठे ठेवू, डेल्मर क्विस्ट विचारतात.
इंग्रिड उत्तर देत नाही,
ती अजून कपाळावरच अडलीय.

खिडकीबाहेर गोठलेली नदी
आणि तिच्यात तीन खांब,
ज्यांच्यावर पूल कधी आलाच नाही.
कंत्राट मेहुण्याचं. समितीसमोर साहेबांनी
दोन्ही हात वर केले होते.

त्याच्या कितीतरी आधी, एका जानेवारीत,
बर्फात गाडल्या गेलेल्या स्कूलबसपर्यंत
फावडं मारत गेले ते हेच हात.
तेव्हा ते नुसते काउंटीचे शेरीफ.
एकवीस मुलं निघाली जिवंत.
इंग्रिड मागच्या सीटवर होती, एक बूट हरवलेली.
हे तिनं त्यांना सांगितलेलं नाही.

मग शपथा, मग दुसरी निवडणूक,
मग माफीपत्रावर मध्यरात्रीची सही :
देणगीदाराचा मुलगा घरी आला.
ज्यांची मुलगी आली नाही त्या मिसेस टॉलिव्हर
दर सोमवारी कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर बसतात
थर्मास घेऊन.
पहारेकरी आता त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवतो.

"खिशात घाला,"
इंग्रिड शेवटी म्हणते.

ते चाचपत राहतात.
कोट नवा आहे,
खिसे अजून शिवलेलेच.