बुधला

होशी दारूवाला पेटी घेऊन आले
रास्ता पेठेत, माझ्या पहिल्या मजल्यावर,
बूट काढावेत की नाही म्हणून दारात घुटमळले.
त्यांच्या आडनावातली दारू पिण्याची की उडवण्याची
हे मी विचारलं नाही.

खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं गेज लावले
नळीत, भोकात, आट्यांत;
आता लोक आजोबांची हत्यारं आणतात
आणि म्हणतात, सगळं ओरिजिनल आहे ना, सांगा.
सगळं.

महोगनीची पेटी. आत हिरवी बनात, कडेला कसर लागलेली.
मधोमध रिव्हॉल्व्हर, पाच घरांचं,
चौकटीवर आणि चक्रावर एकच आकडा.
त्याची मला काळजी नव्हती.
नवरदेव लांबूनही ओळखू येतो,
चौकशी वऱ्हाडाचीच करावी लागते.

टोप्यांची डबी जांभळ्या दिव्याखाली धरली:
लेबल निळंशार चमकलं.
जुन्या कागदाला एवढी हौस नसते.
पेचकसाचं पातं स्क्रूच्या खाचेत डुललं.
गोळ्यांचा साचा अस्सल, पण दुसऱ्याच घरचा;
त्यातली गोळी या चक्रात शिरेना.
तेलाची कुपी मात्र इथलीच,
तिच्या बुडाएवढा काळा डाग बनातीवर,
दीडशे वर्षं एका जागी बसून पाझरल्याचा.

राहिला दारूचा बुधला.
तांब्याचा, पेरूएवढा,
आणि खळग्यात असा बसला
की मी दोनदा उचलला, दोनदा ठेवला.
इतकं बरोबर काही बसत नसतं.
लाकूड आकसतं, कापड फुगतं,
मूळ वस्तूसुद्धा इतक्या वर्षांत
आपल्या जागेला थोडी परकी होते.

दाताच्या डॉक्टरचा आरसा आत घातला, टॉर्च मारला.
विलायती बुधला ठशात दाबलेला असतो.
हा मठारलेला,
ठोक्याला ठोका खेटून,
न्हाणीघरातल्या बंबाच्या पोटावर असतो तसा.

मग तांबट आळी.
तिथं भालचंद्र करडे, ऐंशीच्या पुढचे,
बहुतेक सगळे ठोके कानात साठलेले.
त्यांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं
आणि बुधला बोटांनी बघितला.

'आप्पांचा हात. डावखुरे होते,
ठोका उलटा चढत जातो, हे बघा.
कॅम्पातला एक पारशी साहेब ही पेटी घेऊन यायचा.
जुन्यासारखा करा, असं नाही म्हणाला.
म्हणाला, ही जागा बघवत नाही,
इथं बसेल असा करा.
आप्पांनी आईकडून कणीक मागून आणली,
खळग्यात दाबली,
त्या कणकेवरून केला.
साहेब नंतर तक्रार करत होता,
पेटीला मुंग्या लागतात म्हणून.'

होशींना सांगितलं.
त्यांनी बुधला तळहातावर तोलला.
'बपावाजी असणार,' म्हणाले,
आणि थोड्या वेळानं, व्यवहाराच्या आवाजात:
'म्हणजे बनावट?'

याचं उत्तर मला येत होतं.
किंमत निम्म्यावर येते, हेही येत होतं.
फसवायचं नसताना केलेल्या वस्तूला
काय म्हणायचं, ते आमच्या धंद्यात
कुणी शिकवलेलं नाही.
आणि या पेटीत सगळ्यात जुनं काय,
तर तो खळगा,
विलायतेहून आलेला, रिकामा,
ज्याचं माप एका गृहिणीच्या कणकेनं घेतलं.

फॉर्मवर दोनच रकाने: मूळ, नंतरचे.
नंतरच्यात लिहिलं:
दारूचा बुधला, एक.
तांबं, हातकाम, पुणे, तांबट आळी.
कारागीर डावखुरा.
बनावट हा शब्द लिहून खोडला,
खाडाखोड नको म्हणून दुसरा फॉर्म घेतला.

शेवटी शेरा लिहायला एक ओळ असते,
बहुतेक वेळा मी ती कोरी सोडतो.
तिथं लिहिलं:
बसतो.
सही केली, फी घेतली, पावती दिली.