घंटा, कुत्री आणि बिबियाने

घंटा वाजली की आमची कुत्री रडतात.
साखळ्यांना बांधलेली पाऊणशे कुत्री,
नाकं आभाळाकडे, एकाच लांब सुरात.
नवा पाद्री आला तेव्हा दचकला होता.
एस्कियास म्हणाला, राहू द्या,
आमच्याआधी त्यांची उपासना सुरू होते.
आणि ती काही मागत नाहीत.
मासा त्यांना मंगळवारीही मिळतो.

मला मात्र मागायचंच असायचं.
एस्कियास लाकडी फळ्यावर गीतांचे आकडे लावायचा
आणि मी मनात माझी यादी.
टोबियासचा खोकला. दुकानातली उधारी.
गळाच्या दोरीला हलिबट, निदान अर्धी दोरी तरी.
थोरलीचं कोपनहेगनहून एखादं पत्र.
स्तुतीची कडवी मी भरभर उरकायची,
दारातलं पायपुसणंच ते,
पाय पुसले की आत शिरून मागायला मोकळी.

मग ते नोव्हेंबरातलं वादळ.
हिमनदीवरून वारा उतरला तेव्हा
दोन होड्या बाहेर होत्या.
एकीत माझा नुका, दुसरीत बिबियानेचा एनोक.
दोन रात्री मी स्वयंपाकघराच्या फरशीवर, गुडघ्यांवर.
काय काय कबूल केलं नाही!
आईची मण्यांची कॉलर, चांदीची साखळी, तंबाखू.
शेवटी तर,
हे मी टोबियासलाही सांगितलेलं नाही,
म्हटलं, एकच परत धाडायची असेल
तर माझी.

नुका आला. पापण्या बर्फाने चिकटलेल्या.
एनोकचा एक हातमोजा आला,
तोही महिन्याने, दुसऱ्याच गावच्या किनाऱ्याला.

बायका म्हणाल्या, देव पावला गं तुला.

हातमोजा आला त्या रविवारी सूर्य नव्हताच,
तो फेब्रुवारीशिवाय यायचा नव्हता.
चर्चच्या छताला टांगलेलं लाकडी जहाज,
शंभर वर्षांत एकदाही न बुडालेलं,
शेगडीच्या उबेने हळूहळू फिरत होतं.
फळ्यावर एकच आकडा.
पाच कडवी, निव्वळ स्तुती, कुठेही ‘दे’ नाही.
एस्कियासने पायपेटीत वारा भरला.
मी तोंड उघडलं आणि आत काही सापडेना.
हिशेब चुकता झालेलं गिऱ्हाईक
दुकानात उगाच घुटमळतं,
तशी उभी राहिले.

मागच्या बाकावरून बिबियानेने सुरू केलं.
पेटीच्या आधी. अख्खा एक स्वर वर.
सांत्वन झालेल्या बाईचा तो आवाज नव्हता.
बर्फाला भोक पाडताना पहार मारतात,
त्याच जागी, पुन्हा त्याच जागी,
खाली पाणी आहे एवढ्याच भरवशावर,
तसा.
आमच्याकडे गीत सावकाश म्हणतात,
सगळ्यात म्हातारं माणूस पोचेपर्यंत सगळे थांबतात.
त्या दिवशी म्हाताऱ्यांनीच घाई केली.
पुरुषांचा खर्ज खालून आला, तिला उचलून धरायला.
ती कुणासाठी थांबली नाही.

नंतर कॉफी. मी तिच्यासाठी केक नेला.
नुकाची बोटं कशी आहेत, तिने विचारलं.
दोन गेली, म्हटलं. आठ आहेत.
फरशीचं सांगायचं होतं, घशाशी आलं होतं.
त्याऐवजी विचारलं, कसं गं गाऊ शकलीस?

ती बशीत बघत म्हणाली,
तो मोठा आहे, एवढं तर खरंच ना?
समुद्र बघितलाय मी.
पहिल्या तीन कडव्यांत तेवढंच आहे.
तो चांगला आहे, हे चौथ्यात येतं.
चौथ्याला मी गप्प होते.
तुझ्या लक्षात नाही आलं?

नव्हतं आलं.

आता आम्ही एकाच बाकावर बसतो.
त्या गीताचा आकडा लागला की
पहिली तीन कडवी ती घेते,
पहार घेऊन.
मला ती अजून जमत नाहीत, फरशी आठवते.
चौथं आलं की ती पुस्तक मिटते
आणि मी म्हणते. हलक्या आवाजात,
तिच्याकडे न बघता,
जे मागून मिळालं त्याची लाज धरून.

पाचव्यात फक्त आमेन वाढवत नेलेलं आहे.
ते दोघींनाही येतं.
यादी अजून आहे माझ्याकडे. टोबियासचा खोकला वाढलाय.
पण ती कोटाच्या खिशात, आणि कोट बाहेर खुंटीला,
कुत्र्यांच्या आवाजाजवळ.