मोजदाद

मार्चअखेर. कौन्सिलच्या हिशेबात खड्डा,
म्हणून मला पाठवलंय
हॉल्टन स्ट्रीटच्या थिएटरात, टॅब्लेट देऊन,
जे जे हलतं आणि जे जे हलत नाही
त्या सगळ्याची किंमत लावायला.

मँचेस्टरहून ट्रामनं पस्तीस मिनिटं.
वाटेत अशीच अजून दोन लागतात, आपलीच,
म्हणजे कौन्सिलची.
एकात आता व्यायामशाळा आहे,
दुसऱ्याच्या छपरावर बर्चचं झाड उगवलंय.

दार उघडलं क्वाबेना ओवुसूनं.
सव्वीस वर्षं इथं पडदा ओढतोय,
कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा
की तो चालला की बैलगाडी निघाल्यासारखी वाटते.
"कुठून सुरू करतेस?"
मी म्हटलं, खुर्च्या.

खुर्च्या सातशे अडुसष्ट.
त्यातली जी चौदा, बसलं की कण्हते,
नेमकी दुःखाच्या प्रसंगात.
दुरुस्त नाही करायची, क्वाबेना म्हणाला,
इथल्या नटांना ती ठाऊक आहे,
ते तिच्यासाठी थांबतात.
टॅब्लेटवर 'स्थिती' असा रकाना आहे,
पर्याय तीन: चांगली, बरी, निकामी.
'थांबतात' असं लिहायची सोय नाही.

पडदा मखमली, जांभळट, एका कोपऱ्यात जळका.
एकाहत्तर सालच्या नाताळात
एका हौशी ड्रॅगननं जाळला म्हणे.
पियानोची किंमत शून्य,
उलट उचलून नेण्याचा खर्च आपल्याच अंगावर.
त्याला हे ऐकू गेलं असावं;
मी झाकण लावलं तर आतून एक खर्जातला सूर
बराच वेळ गुरगुरत राहिला.

'मालक' या रकान्यात
बोट टेकवलं की आपोआप उमटतं: जनता.
मला माझी घरपट्टी आठवली.
कचरा, रस्ते, म्हातारीकोतारी वजा जाता
कलेच्या वाट्याला माझे
वर्षाचे सव्वातीन पौंड.
म्हणजे बाल्कनीच्या कठड्याचा एखादा स्क्रू माझा.
मी तो बोटांनी घट्ट केला.
शेजारचाही केला. असेल कुणाचा तरी.

मिरजेत नगरपालिकेच्या नाट्यगृहात
बाबा तिकीटखिडकीवर होते.
छप्पर गळायचं. पहिल्या तीन रांगा
छत्र्या उघडून नाटक बघायच्या,
मागचे ओरडायचे, नट मध्येच एखादं वाक्य
त्या छत्र्यांवर टाकायचे.
बाबा म्हणायचे, सरकारी जागा आहे बाई,
म्हणजे कुणाच्या बापाची नाही,
म्हणजे तुझ्याही बापाची.
मी तेव्हा नुसती हसले होते.

फॉयेमधला हीटर दुपारभर चालू असतो,
ज्यांना घरचा परवडत नाही त्यांच्यासाठी.
तिथं मिसेस हॅसल विणत बसलेल्या,
काहीतरी राखाडी, लांबच लांब.
यांची नोंद कुठल्या रकान्यात करू,
असं क्षणभर वाटलं
आणि माझी मीच ओशाळले.

सगळ्यात शेवटी प्रॉम्प्टरच्या डेस्कखालचं बटण.
"घंटा," क्वाबेना म्हणाला,
"चालते का बघ. तेही लिहावं लागेल ना."
एकदा दाबलं. बारमध्ये वाजली, जिन्यात वाजली,
खाली कुठल्या तरी बंद खोलीतही वाजली.
दुसऱ्यांदा दाबलं.
तिसरी झाली आणि माझी पाठ आपसूक ताठ झाली:
बाबा खिडकी लावून घेऊन
गल्ला मोजायला बसायचे, ती ही वेळ.

मागचं दार ढकलून मिसेस हॅसल आत आल्या,
लोकर पिशवीत कोंबत.
अंधारात सवयीनं पायऱ्या उतरल्या
आणि जी चौदावर बसल्या.
खुर्ची कण्हली.
क्वाबेना आणि मी, रंगमंचावर, हातात टॅब्लेट,
आम्ही थांबलो.

"मध्यंतर आहे ना यात?" त्यांनी विचारलं.
"मला चार चाळीसची बस गाठायचीय."