वगळलेली टोपी

आमच्या संघाचं ऑफिस म्हणजे
रेक्याविकमधल्या एका दंतवैद्याच्या माथ्यावरच्या दोन खोल्या.
खालून ड्रिलची घरघर येते,
वर आम्ही देशभरच्या मनांची नियमावली सांभाळतो.
सभासद किती, तर सगळे
एका फेरीबोटीत मावतील, जरा दाटीवाटीनं.

परवान्यांच्या तारखा, वर्गणीची स्मरणपत्रं,
मंत्रालयाला तीच मागणी सलग तिसऱ्या वर्षी
(शाळेला निदान अर्धा तरी मानसशास्त्रज्ञ द्या),
हे सगळं माझ्या हातून जातं.
मी स्वतः त्यांच्यातली नाही.
मी कॉफी उकळते, टाइप करते,
आणि नीतिसमितीच्या टेबलाच्या टोकाशी बसून
लिहून घेते.

नोव्हेंबरात पत्र आलं, पश्चिमेच्या एका फ्योर्डमधून.
तीन गावांत मिळून ती एकटीच. स्टेनव्हर.
लिहिलं होतं:
गावात गरम पाण्याचं कुंड एकच आहे.
साडेतीनला अंधारतं, मग सगळं गाव त्यात.
जो सकाळी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून
भावाला समुद्रात ठेवून आल्याचं सांगतो,
तोच संध्याकाळी माझ्यासमोर, गळ्यापर्यंत पाण्यात,
निळी टोपी डोक्यावर, कडेच्या दोन ओळी लाल.
मी उठून जाऊ का?
कलम सात म्हणतं, दुहेरी संबंध टाळावेत.
टाळून जाऊ कुठे? पुढचं कुंड
बर्फातून नव्वद किलोमीटरवर आहे.

दीर्फिन्ना म्हणाली, नियम तो नियम.
तिच्या घरापासून चालत जाता येतील अशी
तीन कुंडं आहेत.
ईस्लेवुरनं कानातलं यंत्र नीट केलं,
तो ते चिडला की करतो.
म्हणाला, कलम सात आम्हीच लिहिलं,
मोठ्या देशाची वही शेजारी ठेवून.
त्या देशात अनोळखी माणसं असतात.
आपल्याकडे ती कधी आलीच नाहीत.

मग बराच वेळ खालचं ड्रिलच बोलत राहिलं.

उत्तर गेलं ते असं:
कुंडात बसा.
पण आधी त्यालाच विचारा, तिथे भेटलो तर काय करायचं,
मान हलवायची की वाफेकडे बघायचं. त्याला ठरवू दे.
आणि महिन्यातून एकदा आमच्यापैकी कुणाला तरी फोन करा.
तुमचंही कुणी ऐकायला हवं.
कलमाखाली आता बारीक अक्षरात एक टीप आहे.
ती लिहायला आम्हाला चार बैठका लागल्या.

हे झालं संघाचं काम.
माझं वेगळं होतं.

निळी लोकर संपली म्हणून
शेवटच्या दोन ओळी लाल घातल्या होत्या,
त्या मीच.
त्या भावाच्या प्रार्थनेलाही गेले होते,
चर्चमध्ये शवपेटीची जागा मोकळी ठेवली होती.

पत्र कपाटात गेलं, किल्ली ड्रॉवरात.
इतिवृत्तात मी टाइप केलं: 'एक प्रौढ व्यक्ती.'
टोपी गेली. भाऊ गेला. समुद्रही गेला.
ईस्लेवुरनं सही करताना माझ्याकडे पाहिलं
आणि काही विचारलं नाही.
तोही याच देशातला.

त्याचं नाव मी इथेही लिहीत नाही.
माझा तो कोण लागतो, तेही नाही.
खरं म्हणजे टोपी निळी नव्हती,
फ्योर्डही दुसराच आहे.

ईस्टरनंतर एका मुलीच्या दृढीकरणाचं जेवण होतं.
माशाचं सूप, तीन मजली केक,
आणि तो, भिंतीला टेकून, हातात बशी.
म्हणाला, तू दिलेली टोपी आटली गं,
वाफेनं असेल.
कुठली वाफ, हे मी विचारलं नाही.
समुद्र कसा आहे, हेही नाही,
जे इथे प्रत्येक जण प्रत्येकाला विचारतो.

म्हटलं, दुसरी करून देते, ये इकडे.
शिवणाच्या डब्यातली टेप काढली,
त्यानं मान खाली घातली,
कपाळावरून मागे, पुन्हा कपाळावर,
माझ्या बोटांना काहीच माहीत नव्हतं.

अठ्ठावन्न सेंटिमीटर.
एवढंच लिहून घेतलं.