अंगवळणी

दिवसभर कानाला हेडफोन लावून
मी इप्सविचच्या तक्रारी ऐकते.
पाणी जड आहे, लोक म्हणतात,
किटलीत चुना साचतो, काचांवर डाग राहतात.
मी म्हणते, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे.
टीम लीडर म्हणतो, या कामाला कातडी जाड हवी.
मी मनात त्याचं मराठी करते: गेंड्याची.
आणि घरी येऊन
त्याच पाण्याने तोंड धुते.

नोव्हेंबरात रेडिएटर सुरू झाले
आणि चेहरा मला एक माप लहान झाला.
मी बाटल्या आणल्या. नऊ.
गुलाबाची, काकडीची, एक तर सोन्याच्या कणांची.
आईने फोनवर डाळीचं पीठ सुचवलं,
तेही लावून झालं. मोरी तुंबली,
घरमालकीण ऑड्रीने प्लंजर आणला, बोलली काही नाही.
शेवटी नुसतं पाणीसुद्धा
मिरच्या चिरलेल्या हातांनी लावल्यासारखं झोंबायचं.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात
एफुआने आधी माझे हात पाहिले, मग चेहरा.
म्हणाली, पंधरा दिवस सगळ्या बाटल्यांना सुट्टी.
पाणी कोमट. साबण नको.
टिपायचं, पुसायचं नाही,
आणि अंग ओलसर आहे तोवर, तीन मिनिटांत, हे.
पंपाचा पांढरा डबा पुढे सरकवला.
वास कसला आहे? मी विचारलं.
नाहीये, म्हणून तर देतेय.
सकाळी वरून सनस्क्रीन, ढग असले तरी.
आणि आधी आठवडाभर फक्त कोपराच्या खळग्यात.

मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये म्हणतात.
मी कोपराच्याच मऊ बाजूला
सात दिवस रोज वाटाण्याएवढी
वाट पाहिली.

मग चेहरा, मान, हात, पोटऱ्या.
चौथ्या दिवशी मोह झाला,
बॉयलर धापा टाकेपर्यंत कढत पाण्याखाली उभी राहिले.
रात्रभर खाजवलं.
पाचव्या दिवशी पुन्हा कोमट.

राहिली पाठ.
दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताएवढी जागा,
डावा हात वरून पोचत नाही, उजवा खालून.
छत्तीस वर्षं मी ती बाळगून होते
आणि ओळख नव्हती.
लाकडी पळीला फडकं गुंडाळून पाहिलं.
पळी टबात पडली.

काय पाडलंस? दाराबाहेरून ऑड्री.
सांगितलं. तीन मिनिटांतलं दीड मिनिट गेलेलं.
ती आत आली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तोंडात सिगारेट.
म्हणाली, वळ.
आधी ती विझव, मी म्हटलं,
हे क्रीम मुरलेले कपडे लवकर पेट घेतात.
तिने नळाखाली धरून विझवली.
बोटातली अंगठी फिरवली, खडा आत घेतला,
मला ओरखडा उठू नये म्हणून.
तळहात गार होता.
मी टाइल्सकडे तोंड करून उभी राहिले, बराच वेळ,
क्रीम जिरून गेल्यावरही.

मग तिने पायजमा वर केला.
नडग्यांवर पापुद्रे, जुन्या दाराच्या रंगासारखे.
यांचं काय? म्हणाली.
मी खाली बसले. केसांच्या दिशेने, वरून खाली,
एफुआने दाखवलं तसं.

आता अंगवळणी पडलंय म्हणायला हरकत नाही.
शब्द आधीपासून होता,
अंग मागून आलं.
रात्री नऊला दारावर टकटक होते. पाट? ती विचारते.
ठ तिला जमत नाही.
मला चालतं.

काल एका माणसाचा फोन. तोच चुना, तीच किटली,
आणि मधेच आवाज उतरवून,
बाळाच्या गालांवरचं पुरळ.
मी नोंदवून घेतलं.
कॉल रेकॉर्ड होत होता. यापुढे काही बोलायचं नसतं.
मी विचारलं, अंघोळीनंतर किती वेळाने लावता?
फार्मासिस्टला दाखवा एकदा. पण लावाल ते
अंग ओलसर असताना. तीन मिनिटांत.

पलीकडे शांत.
मग खण उघडल्याचा आवाज,
कुणीतरी पेन शोधत होतं.