फ्लोट

सियागंजातून दोन पेट्या आल्या,
एक पिवळी, एक राखाडी.
पिवळीचा भाव ऐकून श्रीरंगभावोजींनी
पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.
राखाडी तिच्या निम्म्यात.
"सॅटेलाइट तेवढेच पकडते, मॅडम,"
हितांशु हिंदीत म्हणाला, मी मराठीत ऐकलं.
इंदूरला आमचं असंच चालतं.

हातोदच्या रस्त्याला अकरा एकर.
गोदामाचं काम, माळव्याची काळी माती:
वैशाखात मनगटापर्यंत हात जाईल अशी भेग,
श्रावणात तीच फुगते आणि
लोकांच्या दारांच्या चौकटी उचलते.
हिच्यावर मी सपाटी लिहून दिलीय, सही-शिक्क्यासकट.
उतार नाल्याकडे, शंभर मीटरला तीस सेंटिमीटर.

मागच्या कामात चार सेंटिमीटर गेले.
चार म्हणजे आडवी दोन बोटं.
तेवढीच बोटं अकरा एकरांवर पसरली
की सव्वाशे डंपर मुरूम होतो,
आणि तो माझ्या खिशातून.

म्हणून ही परीक्षा.
बेस टेकडीवर ठेवला, उघड्या बेसाल्टवर,
जिथली खुंटी माझ्या लग्नाआधीची आहे.
काठीची उंची दोनदा मोजली, टेप मीच धरला.
मग मोरीच्या कठड्यावर,
छिन्नीने कोरलेल्या बाणावर, लाल रंगात माझ्याच अक्षरात
लिहिलेल्या आकड्यावर टोक टेकवलं.

राखाडी म्हणाली, अडतीस मिलिमीटर खाली.
पिवळी म्हणाली, अडतीस.
हितांशुच्या कपाळावर घाम.
"सेटिंग असेल, मॅडम, कॅलिब्रेशन—"

ग्रेडरवरून नानूराम डावर उतरला,
अलीराजपूरचा, सतरा वर्षं पात्यामागे.
बाटलीतलं पाणी त्याने कठड्यावर ओतलं,
थोडंसंच. पाणी जिकडे जाऊ नये तिकडे गेलं.
"मोरी बसली, बाई."
एवढं बोलून बाटलीत उरलेलं पाणी प्यायला.

मी बाणाकडे बघत राहिले.
मागचं सगळं काम मी ह्याच बाणावरून मोजलं होतं.
भावोजींना मात्र तेव्हा फोनवर सांगितलं होतं
की पोरांनी स्टाफ तिरका धरला.

मग आम्ही चिंचेखाली गेलो.
बाजूला पत्र्याची शेड, वर गच्च पाला,
आभाळ रुपयाएवढं.
राखाडीने आकडा दिला, तत्काळ,
दशांशानंतर तीन घरं, ठणठणीत.
पिवळी नुसती *फ्लोट*, *फ्लोट*.
मिनिट गेलं, दोन गेली.
"झाडाखाली ही जरा स्लो आहे," हितांशु ओशाळून म्हणाला,
जणू पाहुण्यांसमोर पोरगी पाढा विसरली.

त्याला म्हटलं, राखाडी परत लाव.
तीच जागा, तोच खिळा.
आकडा वीतभर वर.
तीन घरं, तसाच ठणठणीत.
तिसऱ्यांदा लावली: आणखी तिसराच.
पिवळी अजून फ्लोट.
झाडाबाहेर दहा पावलं नेली,
अकरा सेकंदांत *फिक्स*,
आणि दोन वेळा तोच आकडा.

संध्याकाळी भावोजींनी विचारलं,
दुप्पट पैसे कशाचे?
मी म्हटलं, गप्प बसण्याचे.
ते हसले नाहीत. हप्ता काढून दाखवला,
अठरा महिने, व्याज वेगळं.
मी मागच्या मुरुमाची पावती त्यावर ठेवली,
आणि मग स्टाफ तिरका नव्हता, हेही सांगितलं.

आता पिवळी पेटी पिकअपमध्ये माझ्या सीटमागे असते,
नानूराम तिला "नवी सूनबाई" म्हणतो
आणि तिने दिलेल्या खुंटीवर अजूनही पाणी ओतून बघतो.
ओतू दे.
आभाळातून येते ती उंची, पाण्याला हवा तो उतार,
दोघांचं जमवायला एक माणूस लागतोच.

मोरीवरचा जुना आकडा मी खोडला नाही,
त्यावर फक्त आडवी रेघ मारली.
खाली नवा लिहिला. आणि पहिल्यांदाच
आकड्याशेजारी तारीख.