आईचं माहेरचं आडनाव

सोमवारी आलेला माणूस नीट बोलला.
टोपी काढली, हातमोजे काउंटरवर ठेवले.
जन्मतारीख, गल्ली, आईचं माहेरचं आडनाव,
कुठेच अडखळला नाही.
मी नवं सिम दिलं. नियमात बसत होतं.

बुधवारी झेनॉन वाखोव्याक आले,
वय एक्क्याऐंशी, वूचच्या कापडगिरणीतून निवृत्त,
हातात मुका फोन.
बँकेचे ओटीपी दोन दिवस
दुसऱ्याच कुणाच्या खिशात वाजत होते.

"आईचं माहेरचं आडनाव?"
विचारावंच लागतं; त्याशिवाय स्क्रीन पुढे सरकत नाही.
ते बाहेरच्या ट्रामकडे बघत राहिले.
"मी अनाथाश्रमात वाढलो, पोरी.
तुमच्या फॉर्मला रिकामा रकाना चालेना,
म्हणून काहीतरी टाकलं.
पाववालीचं असेल. की धोबिणीचं?"

मला ते आडनाव समोर दिसत होतं.
सांगायची परवानगी नाही.

चोराला पाठ होतं.

"तीनदाच सांगता येईल," मी म्हणाले.
त्यांनी डोळे मिटले,
आणि लहानपणी ज्यांनी ज्यांनी
ताटात काही वाढलं होतं
त्या बायकांची आडनावं घेऊ लागले.
तिनाच्या कधीच पुढे गेली.
मागे रांग चुळबुळत होती.

मी एकही टाइप केलं नाही.